सान्याखालचा पाट

वैशाख, १९७७

प्रिय सगुणा,

हे पत्र मनात वाचू नकोस. मोठ्यानं वाच. घरात कुणी असलं तर असू दे, नसलं तर बरंच. आणि वाचायला बसण्याआधी शेजारी एक पाट मांड, रिकामा. पाट नसला तर सतरंजीची घडी चालेल. म्हातारा चळला असं वाटेल, वाटू दे. पाट कशाला, ते शेवटी सांगतो. चौदा वर्षांत मी तुझ्याकडं काही मागितलं नाही, आणि दिलं तर मुळीच नाही. हे एवढं मागतो. मधेच फाडू नकोस. फाडायचंच झालं तर शेवटची ओळ वाचून फाड.

गावातल्या किती लेकीसुनांची पत्रं मी लिहिली असतील, त्याला मोजदाद नाही. ‘अनेक उत्तम आशीर्वाद, इकडील सर्व मंडळी खुशाल’ हा मायना मी झोपेतही लिहीन. तुला लिहिताना दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. आशीर्वाद द्यायला तोंड लागतं. आणि सर्व मंडळी खुशाल नाहीत, दोन वर्षांपूर्वी पौषात तुझी माय गेली. तुला कळलं असणार, पण माझ्याकडून नाही. तुझा भाऊ बद्रीनाथ पोस्टात जायला पायात वहाणा घालून निघाला होता. मीच आडवा आलो. म्हणालो, “कुणाला कळवतोस? तिच्या नावानं आंघोळ झालीया माझी.” झाली होतीच. तू देवानंदाशी लग्न लावलंस हे कळलं त्या दिवशी भर सकाळी मी गावच्या विहिरीवर गेलो, आणि मेल्या माणसाची करतात तशी तुझ्या नावानं आंघोळ केली, सगळ्यांनी बघावी म्हणून. पोरगा शिकलेला, शांत, मास्तर होणारा. पण वस्ती बौद्धांची, आणि माझं नाक गावाएवढं. ओल्या धोतरानं घरी आलो आणि तुझ्या मायला सांगितलं, या उंबऱ्याच्या आत तिचं नाव घ्यायचं नाही. ती चुलीपुढं बसली होती. रडली नाही, भांडली नाही. नुसतं “हुं” म्हणाली.

तो हुं तुला ठाऊक आहे. तुझ्याच पायी तो आपल्या घरात आला. तू पहिलीत होतीस, नुकतं निजामाचं राज्य गेलं होतं, गावात मराठी शाळा लागली होती. संध्याकाळी तू पाटी घेऊन बसायचीस आणि हुंकार देणारं कुणी नसलं की धडा म्हणायची नाहीस. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, तसा तुला धड्याला लागायचा. तुझ्या एका बाजूला माय बसायची, भाकरी थापत. दुसऱ्या बाजूला मी, दोर वळत. तू बोट ठेवून म्हणायचीस, आम्ही दोघं हुं म्हणायचो. माय नुसती ऐकायची. मी तुझ्या बोटाकडं बघायचो. पस्तिशीच्या बाप्यानं पोरीच्या पाटीवरून अक्षर उचललं, ही चोरी मी कुणाला सांगितली नाही. पुढं गावात नाव झालं, आप्पा वाचणारे, आप्पांकडं पत्र न्या. पण शिकलो तसा शिकलो. मला अजून मनात वाचता येत नाही. तोंडातून आवाज निघाल्याशिवाय माझ्यापुढं अक्षर उघडतच नाही. हे ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

आता जागेचं सांगतो. माय गेल्यावर मला घर मोठं वाटायला लागलं. शेत बद्रीनाथ बघतो, त्याची बायको नंदाबाई गुणाची आहे, मला काही करू देत नाही. रिकामा माणूस आणि रिकामं सूप, वाऱ्यावर दोन्ही वाजतात. म्हटलं, घरात एक वाचायची जागा करावी. आपलं घर तुला माहीत आहे, माळवदाचं, वर मातीचं छप्पर, भिंती हातभर रुंद, भर उन्हात आत गार आणि अंधार. उजेड येतो तो फक्त सान्यातून. माळवदाला ते ताटलीएवढं भोक आहे ना, तू लहानपणी त्याच्या उजेडात हात धरून सावलीचे ससे करायचीस, तेच. ते सानं बरोबर मायच्या उतरंडीवर. कोपऱ्यात एकावर एक मडकी, तळाला रांजणाएवढं, माथ्यावर मुठीएवढं. मी ठरवलं, उतरंड हलवायची आणि तिथं बसायचं.

नंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मामा, आत्याबाईंची उतरंड हाय ती. बाईमाणसाची उतरंड बाप्यानं हलवू न्हाई.” मी म्हटलं, “अगं, आता तिच्यात काय हाय? मिठाचा खडा अन् उंदराच्या लेंड्या.” ती म्हणाली, “मंग उंदराला तरी इचारा.” हसलो दोघं. शेवटी तिनंच एकेक मडकं उतरवून दिलं, पण प्रत्येक मडक्याला हात जोडून.

जागा बाकी झकास झाली, बरं का. कोपरा पांढऱ्या मातीनं पोतारून घेतला, त्यानं उजेड दुप्पट झाला. खाली शेणाचं सारवण, त्यावर वाळल्या कडब्याची गादी, वर तुझ्या मायनं शिवलेली गोधडी. जुन्या तिफणीचं लाकूड भिंतीत आडवं बसवलं, पाठ टेकायला. कोनाडा होताच, त्यात चष्मा, पंचांग, पोथी, शेतीची दोन चोपडी आणि तुझी चौथीची वाचनमाला. हो, ती ठेवली होती. नाव घ्यायचं नव्हतं, पुस्तकावर कुठं बंदी होती? उन्हाळ्यात सान्याचा उजेड भिंतीवरून उतरत उतरत मध्यान्हीला बरोबर मांडीवर येतो आणि तासाभरात पलीकडं सरकतो. तेवढा तास माझा. गावानं चेष्टा करून घेतली. शेजारचे काकासाहेब दारातून ओरडायचे, “आप्पा, बेरीज आली का? का अंगठे धरून उभं केलं मास्तरनं?” मी म्हणायचो, “ये आत, तुझंबी नाव घालतो.” एवढं सुख मला या वयात कधी मिळेल असं वाटलं नव्हतं.

उतरंडीच्या तळाच्या मोठ्या मडक्यात धान्य नव्हतं. कागद होते. काठोकाठ. वाण्याच्या पुड्याचे कागद, मिठाचे, गुळाचे, हळदीचे, कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आलेले. प्रत्येक उलगडून, हातानं सपाट करून, एकावर एक रचलेला. कुठला वर्तमानपत्राचा, कुठला शाळेच्या पुस्तकाचा, कुठला जाहिरातीचा, कुठला लग्नपत्रिकेचा. मला हसू आलं आणि मग आलं नाही. कारण मला आठवलं. तुझी माय बाजारातून आली की पुडा सोडायची आणि कागद घेऊन माझ्यापुढं यायची. “यात काय लिवलंय?” मी गावाची पत्रं वाचून दमलेला असायचो. म्हणायचो, “गुळाचा कागद हाय, गुळाचंच लिवलं असंल.” ती म्हणायची, “उद्या वाचता का मंग?” मी म्हणायचो, “उद्या.” असे किती उद्या त्या मडक्यात होते, सगुणा. साऱ्या गावाला वाचून दाखवणाऱ्याच्या बायकोला एक कागद वाचून मिळाला नाही.

म्हटलं, आता वाचू. रोज एक कागद, वरून खाली, नंबरानं. उधारी नको. आणि मी ती चूक केली. तुला आठवतं, पोथी ऐकणाऱ्याशिवाय वाचू नये असं आपल्यात म्हणतात. कुणी नसलं तर समोर पाट मांडायचा आणि मारुतीरायाचं नाव घेऊन म्हणायचं, या, बसा. मला सवय होती. कागद हातात घेतला, समोर पाट मांडला. पण मिठाच्या कागदाला मारुतीला कशाला तसदी द्यायची, म्हणून नाव कुणाचंच घेतलं नाही. नुसतं म्हणालो, “या, बसा.” निमंत्रण दिलं आणि नाव सोडून दिलं.

पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी एका जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा होता, कुठल्याशा गावी दोन डोक्यांचं वासरू झाल्याचा. वाचता वाचता मी श्वास घ्यायला थांबलो, आणि पाटावरून “हुं” आला. मोठा नाही. भाकरी थापताना मान न वर करता माणूस देतं तसा. मी सवयीनं पुढं वाचायला लागलो. दोन ओळी वाचून झाल्यावर मान वर केली. पाटावर कुणी नव्हतं. सान्यातून उजेडाचा खांब उतरला होता आणि त्यात धूळ तरंगत होती, रोज तरंगते तशी. फक्त पाटाच्या वर, बसल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं, ती धूळ आत ओढली जात होती आणि बाहेर येत होती. आत, बाहेर. सावकाश. मी वासरू तसंच सोडून उठलो आणि भर दुपारी बाहेर उन्हात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी वाचलं नाही. म्हटलं, जेवण जास्त झालं असेल, कान वाजले असतील. जेवायला बसलो, पहिला घास तोंडात, आणि कोपऱ्यातून “हुं?” असा आला. ह्या वेळी लांबवलेला, वर चढवलेला. मग वासराचं पुढं काय झालं, असा. नंदाबाई वाढता वाढता थांबली. तिच्या हातातला पळा तसाच. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. बद्रीनाथ म्हणाला, “उंदीर असंल उतरंडीत.” नंदाबाई हळूच म्हणाली, “उतरंड कुठंय आता?” मग मला म्हणाली, “मामा, जाऊन वाचा. आत्याबाईंना अर्धं ठेवलेलं बिलकुल खपत न्हवतं.” मी हात धुतला आणि वासरू पुरं केलं. वासरू मेलं होतं शेवटी. पाटावरून हुं आला, छोटा, हळहळल्यासारखा. पाट उचलायला गेलो तर तो ऊबदार लागला, नुकतंच माणूस उठून गेल्यासारखा. आणि ऊन तर पाटावर आलंच नव्हतं त्या दिवशी.

भीती वाटली का म्हणशील? वाटली. पण घर केलेल्या चिमणीची वाटते तेवढीच हळूहळू उरली. साबणाच्या जाहिरातीला तिचा हुं तुटक यायचा, काय तरीच, असा. लग्नपत्रिकेला लांब यायचा, मुलीचं नाव येईपर्यंत. गोष्टीचं पान मधेच फाटलेलं असलं की दिवसभर घरात कुठंही हुं? हुं? व्हायचा, मग मी शेवट मनानं रचून सांगायचो आणि तो शांत व्हायचा. मडक्यात मी खाली खाली जात होतो आणि वर्षं मागं मागं जात होती. बहात्तरच्या दुष्काळाचे कागद बोटावर मोजण्याएवढे. पुडे घरात यायचे कुठं तेव्हा, सगळे खडी फोडायला. त्याखाली पुन्हा गुळाचे, पुन्हा हळदीचे. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला लागली. जसा मी तळाशी जात होतो, तसा पाट जवळ येत होता. मी समोर हातभरावर मांडायचो, आणि वाचून मान वर केली की तो वीतभर अलीकडं असायचा. सारवणावर पाट घासल्याची रेघ नाही. शेवटी शेवटी तर माझा गुडघा त्याला लागायला लागला. तुझ्या लहानपणी बोट बघायला मी सरकायचो ना जवळ, तसंच.

तळाचा कागद मागच्या पंधरवड्यात हाती आला. गुळाचा, कडक झालेला, आणि त्याच्या घडीत आणखी एक, निळसर. उजेड मांडीवर होता. चष्म्याची एक काच तडकलेली, अक्षर धूसर. मी विचार केला नाही, रोजचा कागद म्हणून तोंड उघडलं. तुला सांगितलं ना, मला मनात वाचता येत नाही. काय लिहिलंय ते माझ्या कानांना माझ्याच तोंडून कळतं. माझं तोंड म्हणालं, “प्रिय माय.” आणि मी पुढं वाचत गेलो. “प्रिय माय, आप्पांना हे वाचून दाखवायला सांग. त्यांना राग आला तरी ते अर्धं वाचून टाकणार नाहीत, मला माहीत आहे. मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मला माहेर नाही, तर माहेरानं माझ्याकडं यावं. चोळी नको, डोहाळजेवण नको, नुसती तू ये. जमलं तर आप्पांना आण. परभणीच्या मोटार स्टँडवर दर रविवारी सकाळपासून मी उभी राहीन. चार रविवार. नाही आलीस तर मी समजेन की आप्पांनी एकट्यानं नाही, तुम्ही दोघांनी माझ्या नावानं आंघोळ केली. तुझीच, सगुणा.”

तुझं नाव माझ्या तोंडून माझ्याच उंबऱ्याच्या आत गेलं. मी थांबलो. पाटावरून हुं आला नाही.

पत्राच्या घडीघडीवर हळदीची बोटं होती. बारीक, मोठी, नवी, जुनी. तिनं ते किती वेळा उघडलं असेल आणि नुसतं बघून परत ठेवलं असेल. चौसष्टचं पत्र. त्यावर अकरा वर्षांचे कागद. सगुणा, ती मला गुळाचे कागद का दाखवायची ते मला त्या उजेडात कळलं. सरळ हातात द्यायची तिची हिंमत नव्हती. तिला वाटायचं, मी एकदा गुळाचा वाचीन, दुसऱ्यांदा हळदीचा वाचीन, वाचायची सवय लागेल, मग एखाद्या दिवशी नंबरानं तेही पुढं येईल आणि तोंडातून निघाल्याशिवाय मला कळणार नाही. माझी खोड तिच्याइतकी कुणाला माहीत होती? अकरा वर्षं ती मला त्या पत्रापर्यंत आणत होती, आणि मी पहिल्याच पायरीवर म्हणत होतो, उद्या.

त्या दिवसापासून घर मुकं झालं. मी दुसऱ्या दिवशी पाट मांडला, तेच पत्र पुन्हा वाचलं. काही नाही. पंचांग वाचलं, पोथी वाचली, तुझ्या वाचनमालेतला कोल्ह्याचा धडा वाचला, ज्याला ती पोट धरून हसायची. काही नाही. उजेडाचा खांब सरळ उभा, धूळ सरळ खाली. पाट गार, दगडासारखा. मला हुंकाराची भीती वाटली होती, पण ह्या गप्प बसण्याची जी वाटली ती वेगळीच. चौथ्या दिवशी सकाळी नंदाबाईनं मला दारात बोलावलं. तिनं नुकताच ओटा-उंबरा सारवला होता, हात अजून शेणाचे. ओल्या सारवणावर एक पाऊल उमटलं होतं. उजवं, बाहेर जाणारं, करंगळी आत वळलेली. तुझ्या मायच्या पायावर जात्याची तळी पडली होती, करंगळी कायमची वळली होती, तू तिला तेल लावायचीस. आत येणारं पाऊल नव्हतं. अंगणात पुढं दुसरंही नव्हतं. नंदाबाई म्हणाली, “मामा, आत्याबाई कुठंतरी निघाल्यात.” तिनं ते पाऊल पुसलं नाही, त्यावर परात पालथी घातली. अजून आहे.

मग मी तुझ्या सासूकडं गेलो. चांगुणाबाईच्या दारात मी जन्मात पहिल्यांदा उभा राहिलो, तीन आळ्या ओलांडून. ती बाजेवर बसून तूर निवडत होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, “या इवाई. चौदा वर्सं लागली व्हय हितवर यायला? लई लांबचा रस्ता.” व्याही म्हणाली मला. मान खाली घालून मी म्हणालो, पोरीचा पत्ता पाहिजे. तिनं आधी पाणी दिलं. मी प्यालो. ती बघत होती, मग म्हणाली, “पानी पिलात म्हनून उपकार न्हाई केले. तहान तुमची हाय.” मी म्हटलं, बरोबर आहे. तेव्हा कुठं ती नीट बसली आणि मला जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं लिहितो. “तुमची गिरिजाबाई आल्ती माझ्याकडं. बांधावर गाठलं मला, पदराखाली निळा कागद. म्या म्हनलं, दे, आमचा धाकटा शिवाजी सुट्टीला आलाय, जल्दी वाचून देईल. तर म्हनली, न्हाई. माझ्या घरात वाचणारा हाय. त्यानंच वाचलं पायजे. दुसऱ्यानं वाचलं तर मला नुसतं कळंल, त्यानं वाचलं तर काहीतरी हुईल.” मग चांगुणाबाई म्हणाली, “तवा म्या लई हट्ट करायला पायजे होता. पोरगी चारी रविवार उभी होती तिथं. पाय सुजलेले. तुमच्या जावयानं उचलून घरी नेली. मला ते लई मागून कळलं, अन् मंग गिरिजाबाईला सांगायला माझी जीभ उचलली न्हाई.” आणि तुरीतला खडा फेकत म्हणाली, “नातीचं नाव तरी इचारा, का तेबी उद्या?” मी विचारलं. सुजाता. तेरावं लागलं. तुझ्या मायसारखी मान वाकडी करून ऐकते म्हणे. तुझा नांदेडचा पत्ता तिनंच तिच्या धाकट्याकडून माझ्या हातावर लिहवून दिला, कागद आणला नव्हता म्हणून. हात झाकून घरी आणला.

म्हणजे तुझी माय गप्प बसली ती रागानं नाही. तू बोलावलंस हे तिला कधी कळलंच नाही. ती दोन वर्षं मेलेली असताना कळलं, माझ्या तोंडून, सान्याखाली. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारा मीच उरलो. मी क्षमा मागत नाही. ती मागायचीही एक वेळ असते आणि ती स्टँडवर उभी राहून निघून गेली. जिवंत लेकीच्या नावानं मी आंघोळ केली, आणि मेलेली बायको माझ्यापुढं पाटावर बसून राहिली. माझा हिशेब असा उलटा लागला. आता माझ्या डोळ्यांत मोतीबिंदूही आला आहे. डॉक्टर म्हणतात, होईल काहीतरी. न झालं तर हे माझ्या हातचं शेवटचं पत्र समज.

आणि आता पाटाचं. माझी खात्री आहे, ती तुझ्याकडं निघाली आहे. बोलावणं कळलं त्याच क्षणी उठली, पाट गार झाला तो त्याच क्षणी, उंबरा ओलांडायला तेवढे तीन दिवस लागले तिला. पण सगुणा, ती जन्मात कधी मोटारीत बसली नाही. पिंपळगावच्या बाजारापलीकडचं तिला काही ठाऊक नाही, आणि वाटेत परक्या माणसाला पत्ता विचारायची तिला लाज. तू परभणी सोडून नांदेडला गेलीस हेही तिला कुणी सांगितलं नसेल. ती कुठल्या तरी स्टँडवर उभी असेल, रविवारची. म्हणून हे पत्र. ह्यातली प्रत्येक ओळ मी आपल्या कोपऱ्यात बसून मोठ्यानं म्हणत म्हणत लिहिली आहे. माझ्या वाचण्याचा आवाज ती ओळखते, तुझा तर माझ्याहून आधीपासून. तू मोठ्यानं वाचलंस तर त्या आवाजाच्या धाग्यानं ती बरोबर दारात येईल. दार लावलेलं असलं तर उघड. पाटावर काही दिसणार नाही, दिसायची वाट बघू नकोस. उजेड असला तर धुळीकडं बघ. सुजाताला जवळ घे, ती घाबरली तर सांग, तुझी आजी आहे, ऐकायला आली आहे. आणि मायला माझ्या नावानं एवढं वाचून दाखव: गिरिजा, तुझा कागद मी वाचला. उशीर झाला. मग थांब, धडा म्हणताना थांबायचीस तशी, आणि शेजारी कान दे. हुं आला तर ती पोचली. मला दोन ओळींचं कार्ड टाक, मी ते पाऊल पुसून घेईन. मी सान्याखाली दोन पाट मांडून ठेवले आहेत, एक तुझा, एक पोरीचा. याल तेव्हा या, न आलात तरी ते मांडलेलेच राहतील. आणि हुं आलाच नाही, तर सगुणा, तो तूच दे. मी इथवर वाचून थांबलो आहे.

तुझाच,
आप्पा